मुशीवालीचा गिअरबॉक्स

काल जनूशेठ आला होता, गिअरबॉक्स मागायला.

वैशाखातली टळटळीत दुपार होती. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि मी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. मी शाळेत शिकवते; सुट्टी लागली की माझं हेच काम. थळच्या आमच्या वाडीत या दिवसांत दुसरा वासच नसतो. लोकांना मोगऱ्याच्या वासानं काहीबाही आठवतं. मला सुक्या बोंबलाच्या वासानं जनूशेठ आठवतो आणि डोकं तापतं. सतरा वर्षं झाली या रागाला, पण दर वैशाखात तो वलांडीवरच्या मालासारखा नवा येतो. आणि काल तर तो माणूसच फाटकात उभा.

मी बस म्हटलं नाही. तो आपला आपणच ओट्यावर टेकला. म्हातारा झालाय, मान हलते. उंडीच्या झाडाखाली, जुन्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी हिराआत्याचा गिअरबॉक्स पडलेला आहे, तिकडे त्याची नजर गेली.

"बाय, ह्यो परूनच हाय ना? माज्या गारीचा गेला. आख्ख्या मुंबईत तसला गावत न्हाय. काय सांगशील ती किंमत देतू."

आमच्या बोलीत ड-ढचा र होतो आणि ळचा ल; गाडीची गारी होते. मी एक कावळा हाकलला.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय, तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर मिलिटरीच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतला एक डिस्पोजलचा ट्रक हिराआत्यानं घेतला. हिराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि आई-वडील गेल्यावर मला आणि माझ्या थोरल्या भावाला, धर्मादादाला, तिनंच वाढवलं. सुक्या म्हावऱ्याचा तिचा धंदा. ट्रकचं स्टिअरिंग डाव्या हाताला, रंग शेवाळी, दारं नव्हतीच. धर्मादादा तो चालवायचा. आत्या त्याच्या शेजारी अशी बसायची की गाडी तीच चालवते आहे असं वाटावं.

पावसाआधीच्या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. चार महिने समुद्र बंद, नद्यानाले फुगलेले, तेव्हा आतल्या गावांतले शेतकरी चैत्र-वैशाखात सुकं म्हावरं, मीठ, मिरची भरून ठेवतात. ही खरेदी पोयनाडच्या बाजारात. थळहून पोयनाडला जायचं तर मध्ये कार्लेखिंड. पूर्वी आमच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन ती खिंड पायी चढत. मग जनूशेठनं ट्रक आणला आणि बायका त्याच्या मर्जीवर आल्या. तो म्हणेल तेव्हा निघायचं, तो सांगेल त्याच व्यापाऱ्याला माल घालायचा. आत्याचा ट्रक आला तशा सगळ्या बायका तिच्या गाडीत चढल्या. जनूशेठ हसून म्हणाला होता, "बगू, कवर चालते." तो हसतो तेव्हा खालचा ओठ बाजूला नेतो. अजून नेतो.

त्या वर्षीच्या आगोटीचा पहिलाच बाजार. ट्रक भरलेला, वर पोत्यांवर बायका, मी पुढं आत्याच्या मांडीला मांडी लावून. खिंडीच्या अर्ध्या चढावर गाडी कण्हायला लागली. धर्मादादा गिअर खाली घ्यायला जातो तर दांडा जागचा हलेना. पायाखालून धूर आला. मागून एक बाई ओरडली, "कोनी मुशी तलते गो?" वास खरंच तळलेल्या मुशीचा होता. मग आत काहीतरी कडकड मोडलं आणि ट्रक थांबला.

गिअरबॉक्समध्ये मुशीचं तेल होतं. मुशी माशाच्या काळजाचं हे तेल आम्ही मचव्याला देतो. लाकूड सुकत नाही, खारं पाणी आत शिरत नाही. आमच्या लेखी त्याहून चांगलं तेल जगात नाही. पण तापलेल्या लोखंडात त्याचा डिंक होतो, हे कुणाला ठाऊक!

मागून जनूशेठची गाडी आली. तो उतरला, वाकून बघितलं, बोट घालून वास घेतला. आणि मग खिंड दणाणेल असं हसला.

"हिरूबाय, गारी हाय का मचवा? कोनी वतला ह्या तेल?"

आत्या त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी वतला. माजी गारी हाय."

तो पोयनाडला आमच्या दोन तास आधी पोचला. आम्ही बैलगाड्यांत माल घालून गेलो, तोवर सगळ्या बाजाराला कळलं होतं. आत्याचं नाव तिथंच पडलं. मुशीवाली. गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून विचारायची, "मुशीवाले, बोंबलात तरी पेट्रोल न्हाय ना घातला?" लोक पोट धरून हसत. मिरचीवाल्यानं ठसका लागेपर्यंत हसून घेतलं. पुढच्या बाजाराला निम्म्या बायका परत जनूशेठच्या गाडीत. आत्यानं कुणाला शब्दानं टोकलं नाही. घरी आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, "ह्याचा मी काय करते त बग." तिचा आवाज इतका शांत होता की मला बरं वाटलं. मलाही त्याचं वाईट व्हावं असंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, देवीसमोर दिवा लावताना मी त्याची गाडी दरीत जावी म्हणून हात जोडले होते.

अलिबागचा इस्माईल मिस्त्री मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता, तो आला. गिअरबॉक्स उतरवून त्यानं झाकण काढलं. काळ्या चिकट लगद्यात मोडलेले दात रुतले होते.

"हिरूबाय, याचा दफन करा," तो म्हणाला. "इंजिनला कायपन झाला न्हाय, खुदाची मेहेर. दुसरा गिअरबॉक्स आनायला लागंल."

रेवसहून लाँचनं आम्ही मुंबईला गेलो. आत्या, इस्माईल आणि मी. मी कशाला, तर कुठं इंग्रजी लिहिलेलं असेल तर वाचायला. इस्माईलनं आमच्या ट्रकची क्लचप्लेट पोत्यात गुंडाळून घेतली होती. ती ज्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर नीट बसेल तोच आपल्या कामाचा. आत्यानं ट्रकखाली झोपून गिअरबॉक्सची जागा जाळ्याच्या सुतळीनं मोजली होती. लांबीला एक गाठ, उंचीला एक, रुंदीला एक. ती सुतळी तिच्या कमरेला.

भंगारबाजार म्हणजे लोखंडाचा मासळीबाजार. तसाच चिखल, तशीच आरडाओरड. फक्त चिखल तेलाचा. आत्या तिथं पाच मिनिटांत अशी वावरायला लागली की जन्मभर लोखंडच विकत होती. दुकानदारानं पहिला गिअरबॉक्स दाखवला, आमच्याच बनावटीचा, वरून हिरवा चकचकीत रंग. वरचा दांडा फिरवून दाखवला. आवाज म्हणून नाही.

"एकदम नवा, मावशी."

आत्यानं मला हळूच विचारलं, "ताजा दिसावा म्हनून शिल्या पापलेटाच्या कल्ल्यांला कोन रगत लावता?" तिनं बाही वर केली, तेलाच्या भोकातून बोट पार तळापर्यंत घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला ग्रीस आणि ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा. झिजलेल्या दातांचा आवाज दबावा म्हणून भुसा भरला होता. आत्यानं ते बोट दुकानदाराच्याच सदऱ्याला पुसलं. इस्माईल आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिला.

त्यानंतर बाजारात आम्हाला कुणी मावशी म्हटलं नाही, बाई म्हणायला लागले. दोन गिअरबॉक्स शेवटी निवडीला उरले. एक आमच्याच बनावटीचा, दात शाबूत, काढला तिथं बसवायचा की झालं. दुसरा मिलिटरीच्या अवजड ओढगाडीचा. दीडपट मोठा, पाच गिअर आणि पहिल्याच्याही खालचा एक जादा. क्लचप्लेट दोघांवरही बसली. पण मोठा घ्यायचा तर खालची आडवी पट्टी कापून नवी घालायची, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा आखूड करायचा. आत्याच्या सुतळीची उंचीची गाठ त्याला चार बोटं कमी पडत होती.

इस्माईल म्हणाला, "ह्यो ल्हान पलंल. सपाटीला पयल्यासारका. ह्यो मोटा पलनार न्हाय, पन ह्या खालच्या गिअरात डोंगर बांदा, डोंगर वोरंल. मना काय, सोपा तो ल्हान हाय."

मला लहानच हवा होता. पळणारा. माझ्या मनात एकच चित्र होतं, खिंडीत जनूशेठला मागं टाकून जायचं, जाताना त्याच्याकडे बघून हसायचं, तोंडात धूळ जाऊ द्यायची. मी तसं आत्याला सांगितलंही, अगदी दात-ओठ खात.

आत्या मोठ्या गिअरबॉक्सवर बसली होती, पाटी उलटी घालून बसावी तशी. म्हणाली, "पोरी, बोंबील कसा धरतात?"

"डोल जाळ्यात."

"डोल पलते का म्हावऱ्याच्या मागं?"

डोल जाळं कुठं पळतं? समुद्रात खांबांना बांधून तोंड उघडं ठेवून उभं असतं. भरतीचं पाणी मासळी आणून घालतं. "जनू हावरा हाय," आत्या म्हणाली. "आगोटीच्या शेवटच्या बाजाराला त्यो गारी फुटंस्तवर भरनार. खिंडीत बसनार. मना पलायचा न्हाय. मना त्याला वोरायचा हाय."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की माझा राग लहान मुलीचा होता आणि तिचा बाईमाणसाचा.

परतीच्या लाँचमध्ये गिअरबॉक्स आमच्या पायांशी. चार हमालांनी बांबूला बांधून चढवला, तेव्हा लाँचवाला कुरकुरला. आत्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. इस्माईल पुढं विडी ओढत होता. मी आत्याला म्हणाले, "पोयनाडला गेलो की मी सगळ्यांना सांगणार. तेल तू नाही, मी ओतलं."

कारण ते मीच ओतलं होतं. ट्रकमध्ये पुढं एक पितळी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत तेलाबद्दल लिहिलेलं. अलिबागला जाऊन शिकलेली वाडीतली पहिली मुलगी मी, मुलींच्या शाळेची मास्तरीण. मोठ्या दिमाखात वाचून सांगितलं, गिअरबॉक्समधलं तेल भोकापर्यंत भरलेलं असावं. कुठलं तेल, ते पट्टीवर नव्हतं. तेल कमी झालेलं, इस्माईल गावाला गेलेला आणि अंगणात मचव्यासाठी आणलेला मुशीच्या तेलाचा डबा. धर्मादादा म्हणाला होता, मिस्त्री येऊ दे. मी म्हणाले, लिहिलंय ते मला कळतं का तुला? बाजाराच्या सकाळीसुद्धा मी वरून आणखी घातलं. माझ्या लुगड्याच्या काठाला डाग पडला होता.

आत्यानं गिअरबॉक्सवर पाय ठेवले. मग म्हणाली, "शालंत पोरी किती हायत तुज्या?"

"अकरा."

"शिकलेल्या पोरीनं गारीत मुशीचा तेल वतला, असा झाला तर उंद्या किती येतील? बापूस बोलनार, शिकून ह्याच करायचा तर म्हावरा सुकव. माजा काय, मी म्हावरा इकनारी. मना मुशीवाली बोला, सुरमईवाली बोला. तू तोंड उगरू नको. माजी शपत हाय."

मी तोंड उघडलं नाही. शपथ होती हे खरं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. आणि त्या सुटकेची जी शरम वाटली, ती सगळी मी जनूशेठच्या खात्यात घातली.

इस्माईलनं उंडीच्या झाडाखाली बारा दिवस काम केलं. पट्टी कापली, दांडा अलिबागला नेऊन आखूड करून आणला, आत्याच्या सुतळीला चार बोटांवर नवी गाठ पडली. शेवटी जाड काळ्या तेलाचा डबा उघडून त्यानं माझ्या नाकाशी धरला. "मास्तरीनबाय, ह्यो वास पाट कर." तो हसला नाही. त्याला ठाऊक असावं. मी ते तेल नाकानं पाठ केलं, मुलींना पाढे पाठ करायला लावते तसं. आजही डोळे मिटून ओळखेन.

मग वैशाख सरत आला, आगोटीचा शेवटचा बाजार. नैर्ऋत्येला वळवाचे ढग चढत होते. आम्ही मुद्दाम उशिरा निघालो. खिंडीच्या पायथ्याशी धर्मादादानं तो खालचा गिअर टाकला आणि ट्रक माणसाच्या चालीनं चढायला लागला. शेजारून एक म्हातारा काठी टेकत आमच्या पुढं निघून गेला. आणि वळणावर, अगदी आमची गाडी मोडली होती त्याच्या जरा वर, जनूशेठची गाडी आडवी. टोपलं ठेवायला जागा नाही इतकी भरलेली. क्लच जळाला होता. वर पोत्यांत आमच्याच वाडीतल्या बायकांचा माल, आणि डोक्यावर ढग. सुकं म्हावरं एकदा भिजलं की कुत्रं खात नाही.

माझ्या पोटात काय आनंद झाला म्हणून सांगू!

जनूशेठ ओठ चावत उभा होता. धर्मादादानं गाडी थांबवली. आत्या उतरली, मचव्याचा काथ्याचा दोर घेऊन. "बांद."

"नको हिरूबाय. मी मानूस धारलाय मिस्त्रीकरं."

आत्यानं वर ढगांकडे बघितलं. मग त्याच्या गाडीवर बसलेल्या बायकांकडे. पुढचं बायकांनीच केलं. त्यांनी जनूशेठला असं काही शेलकं ऐकवलं की त्यानं मुकाट्यानं दोर बांधू दिला. गाठ मात्र आत्यानं स्वतः मारली.

मला वाटलं ती पुढं येऊन बसेल. नाही. ती आमच्या ट्रकच्या मागच्या पोत्यांवर चढली, तोंड मागं करून, पाय खाली सोडून. समोर दोन वाव, म्हणजे आठेक हात अंतरावर जनूशेठ त्याच्या ड्रायव्हरशेजारी. खिंडीपासून पोयनाडपर्यंत, भर दुपारी, माणसाच्या चालीनं, ती त्याच्याकडे बघत बसली. हसली नाही, बोलली नाही. पान लावलं, खाल्लं, बघत राहिली. त्याला मान वळवायला जागा नव्हती. खिंड संपल्यावर धर्मादादा वरचा गिअर टाकायला गेला, तशी आत्यानं टपावर थाप मारली. याच गिअरात चल. मी ज्या बदल्याची स्वप्नं बघत होते, तो यापुढं पोरखेळ होता.

बाजाराच्या तोंडाशी दोर सोडता आला असता. आत्या म्हणाली, "इकरं जागा न्हाय." बाजाराला एक फेरी घातली. मिरचीवाले, मीठवाले, कुंभार, सगळे उठून उभे राहिले. पलीकडच्या टोकाला भरपूर जागा होती. आत्या म्हणाली, "ऊन लय हाय, म्होरं चल." दुसरी फेरी. लोक आता टाळ्या पिटत होते. पाण्याचे चार थेंब पडले, तेव्हा कुठं तिनं गाडी पत्र्याच्या आडोशाला घ्यायला लावली.

जनूशेठ खाली उतरला. चेहरा उतरलेला, पण ओठ गेलाच बाजूला. "मुशीवाले," तो मोठ्यानं म्हणाला, "सोर आता."

आणि बाजार हसला. त्याच्यावर हसला, तिच्यावरही हसला. मी पुढं झाले. तोंड उघडलं होतं. आत्यानं दोराची गाठ सोडता सोडता माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला.

बायका आमच्या गाडीत परत आल्या, त्या कायमच्या. नाव मात्र राहिलं. बदला पुरा झाला आणि नाव तसंच. एसटी आली, ट्रक थकला, भंगारात गेला. आत्यानं गिअरबॉक्स तेवढा काढून ठेवला. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा पोयनाडच्या बाजारात निरोप पोचला तो असा, मुशीवाली गेली. हिरूबाई कोण, म्हणून विचारलं असतं लोकांनी.

तर काल हा माणूस माझ्या ओट्यावर बसला होता. सतरा वर्षं गिळलेलं मी त्याच्या तोंडावर टाकलं. म्हटलं, "तेल तिनं नव्हतं ओतलं. मी ओतलं होतं."

त्याची हलणारी मान जरा थांबली. "म्हाईत हाय मना," तो म्हणाला. "तवाच कललेला. तुज्या लुगऱ्याला वास व्हता. तिचे हात कोरे व्हते."

मला काठी कुठं ठेवावी कळेना. "मग तिला का नाव ठेवलंस? माझं का नाही घेतलंस?"

"माजी पोर तुज्या शालंत व्हती." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "तुजा नाव घेतला असता तर शाला बसली असती. हिरूबायशी माजा धंदा व्हता. धंद्यात चालता त्या."

म्हणजे मला दोघांनी झाकलं. एकीनं मायेनं, दुसऱ्यानं हिशेबानं. आणि मी ज्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्याला सगळं ठाऊक. मला तर वाटलं, यानं माझा रागसुद्धा हातचा काढून घेतला. पण नाही. बसून बघितलं तर राग आहे तिथंच आहे. चांगला शाबूत, एक दात पडलेला नाही. खरं माहीत असून तिचं नाव घेतलंस म्हणजे तू अधिकच गुन्हेगार.

"मंग देतंस का गिअरबॉक्स?"

"नाही," मी म्हणाले. तो उठला आणि गेला.

तो गेल्यावर मी उंडीखाली जाऊन बसले. गिअरबॉक्सच्या तेलाच्या भोकात बोट घातलं. दर वैशाखात घालते. तेल स्वच्छ आहे, योग्य ते आहे, भोकापर्यंत आहे. त्याच्या गाडीला तो बसेल, हे मला दिसतंय. अंगणात मचव्यासाठी आणलेला मुशीच्या तेलाचा डबाही आहे, आणि त्याच्याकडेही मी बराच वेळ बघत होते.

पण आत्या पळणारी बाई नव्हती, ओढणारी होती. तिच्याकडून मी काही शिकले असेन तर ते हे. म्हणून इथं लिहून ठेवते. आता मुलींची शाळा बसायची भीती नाही, वाडीतली एकही मुलगी आता घरी बसत नाही. जनूशेठ, गिअरबॉक्स हवा असेल तर मला पैसे नकोत. आगोटीच्या शेवटच्या बाजाराला, पोयनाडला, भर दुपारी हा लेख मोठ्यानं वाचून दाखव. हिरूबाई मुशीवाली नव्हती. मुशीवाली मी आहे. तुला वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. तुझ्या नातीला येतं. तिला मीच शिकवलंय.